निम्मे आईचे, निम्मे बापाचे

२९ ऑक्टोबर २००५. दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार. दिल्लीत पहाडगंज, गोविंदपुरी आणि सरोजिनी नगर अशा तीन ठिकाणी त्या संध्याकाळी स्फोट झाले. साठाहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली सर्वाधिक सरोजिनी नगरच्या बाजारात, ऐन खरेदीच्या गर्दीत. काही देह इतके होरपळले होते की चेहऱ्यावरून, कपड्यांवरून ओळख पटेना. मग जवळच्या नातेवाइकांच्या रक्ताचे नमुने घेऊन डीएनए चाचण्या कराव्या लागल्या.

त्या चाचणीत नेमके काय पाहतात हे कळले, तर आईबापांकडून मुलांकडे काय येते याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते. डीएनएमध्ये काही ठरावीक जागा अशा असतात की तिथे चार-पाच अक्षरांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. किती वेळा येतो, हे माणसागणिक बदलते. समजा, एका जागी आईकडे ११ आणि १४ अशा दोन नोंदी आहेत आणि वडिलांकडे ९ आणि १२. मग त्यांच्या मुलाकडे ११-९, ११-१२, १४-९ किंवा १४-१२ यांपैकी एक जोडी असणार. ११-१४ असू शकत नाही, कारण दोन्ही नोंदी आईकडून येत नाहीत. एक आईची, एक बापाची. अशा पंधरा-वीस जागा तपासल्या आणि प्रत्येक ठिकाणी हा हिशेब जुळला, की ते मूल याच दोघांचे, असे न्यायालयातही टिकेल इतक्या खात्रीने सांगता येते. इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४-८५मध्ये डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली. भारतात ती रुजवली हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीशास्त्राच्या संशोधन संस्थेतील लालजी सिंग यांनी. आज मातृत्व-पितृत्वाचे तंटे, हरवलेली मुले, अपघातातले अनोळखी मृतदेह या सगळ्या बाबतींत तिचाच आधार असतो.

आपल्या समाजाने मात्र वारशाचा हिशेब फार निराळा मांडला. बाप बीज, आई क्षेत्र, ही जुनी कल्पना. गोत्र बापाचे, कुळ बापाचे, आडनाव बापाचे. आईची आठवण निघते ती बहुधा काही बिघडले म्हणजे. 'खाण तशी माती' ही म्हण घरात कधी ऐकू येते ते आठवून पाहावे. मुलगी झाली तर सून दोषी, मूल आजारी निघाले तर सुनेच्या माहेरात कोणाला काय होते याची चौकशी. हा लेख लिहिण्याचे मुख्य कारण हेच आहे. निसर्गाचा हिशेब याहून कितीतरी सरळ आणि न्याय्य आहे, आणि तो न समजल्यामुळे आजही घराघरांत माणसे विनाकारण दुःख भोगतात.

तर आधी निसर्गाचा हिशेब. शरीराच्या बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात, २३ जोड्यांत. ही संख्या १९५६पर्यंत पाठ्यपुस्तकांत ४८ अशी चुकीची छापली जात होती; त्या वर्षी स्वीडनमध्ये काम करणाऱ्या तियो आणि लेवान यांनी ती पक्की केली. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू तयार होताना प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र उचलले जाते, म्हणून त्यांत २३च असतात. कोणत्या जोडीतले कोणते जाणार, याला कसलाच नियम नाही. नुसत्या या निवडीने एका माणसाकडून ८३ लाख ८८ हजार ६०८ प्रकारची बीजे तयार होऊ शकतात. शिवाय जोडीतली गुणसूत्रे वेगळी होण्यापूर्वी एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात. म्हणजे आई आपल्या मुलाला जे गुणसूत्र देते, ते तिच्या आईचे किंवा तिच्या वडिलांचे जसेच्या तसे नसते. दोघांचे तुकडे जोडून नव्याने तयार झालेले असते. त्यामुळे नातवंडात चारही आजी-आजोबा असतात, पण सारख्या प्रमाणात नाही.

बारशाला जमलेल्या बायका बाळाचे नाक आजोबांवर गेले की आत्यावर, याचा निवाडा करतात, तेव्हा त्या या अदलाबदलीचाच माग काढत असतात. सख्खी भावंडे एकमेकांपासून इतकी वेगळी का, हेही इथेच कळते. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा वारसा सामाईक असतो, पण ही सरासरी आहे. कुठे तो ४० टक्क्यांच्याही खाली येतो, कुठे ६०च्या वर जातो. म्हणून कोणी हुबेहूब, तर कोणी 'हा कोणाच्या वळणावर गेला' असे विचारावे इतका निराळा.

निम्मे-निम्मे म्हटले तरी दोन अपवाद सांगायला हवेत. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियांत स्वतःचा छोटा डीएनए असतो, ३७ जनुकांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही तो मिळतो, पण पुढे फक्त मुलगी देते. उलट वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाकडे जाते. गोत्राच्या रेषेशी जुळणारे शरीरात एवढे एकच काय ते गुणसूत्र, आणि ते सर्वांत लहानांपैकी एक. त्यावरची जनुके मोजकी, त्यांतली बरीच पुरुषत्वाशी निगडित. ज्या वारशाचा आपण वंशाचा दिवा म्हणून एवढा जप करतो, त्याचा जनुकीय पसारा इतकाच.

शिवाय प्रत्येक मूल थोडेसे नवेही असते. डीएनएची नक्कल करताना चुका होतात आणि सुमारे तीनशे कोटी अक्षरांच्या मजकुरात प्रत्येक बाळाच्या वाट्याला साधारण ६० ते ७० अशा नव्या चुका येतात, ज्या आईकडेही नव्हत्या आणि बापाकडेही. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. त्या अधिक करून बापाकडून येतात आणि बापाचे वय वाढेल तशा वाढतात. आईच्या वयाबद्दल आपण सतत बोलतो, आणि डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या संख्येतील बदलांसाठी ते खरेही आहे. बापाच्या वयाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

आता एक मुंबईची गोष्ट, कारण आनुवंशिकतेचे नियम वरवर मोडल्यासारखे दिसतात तेव्हा काय होते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. १९५२मध्ये परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या तज्ज्ञांसह 'लॅन्सेट'मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. त्या माणसांचे रक्त तपासले तर ते ओ गटाचे वाटे, पण ओ गटाचेच रक्त त्यांना चालत नसे. उलगडा असा झाला की रक्तगट ठरवणारे ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ज्या पायावर उभे राहतात, तो एच नावाचा पायाच या माणसांकडे नव्हता. एच तयार करणारे जनुक आईकडूनही सदोष आले आणि बापाकडूनही, की रक्तगटाचे मूळ जनुक ए असो वा बी, ते प्रकटच होत नाही. यालाच जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. मुंबईच्या परिसरात दहा हजारांत साधारण एक, युरोपात दहा लाखांत एक, एवढा तो विरळ.

याचा घरातला परिणाम पाहा. आईचा अहवाल ओ, वडिलांचा ओ, आणि बाळ बी. शाळेतल्या पुस्तकाप्रमाणे हे अशक्य. संशय कोणावर येणार, हे सांगायला नको. पण आई बॉम्बे गटाची असेल, तर तिच्याकडे न दिसणारे बी जनुक असू शकते. ते तिने बाळाला दिले आणि एच बापाकडून आले, की बाळात बी दिसू लागते. हिशेब अचूक असतो, फक्त त्यातला एक आकडा झाकलेला असतो. रक्तगटाच्या चिठ्ठीवरून कोणत्याही बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवण्यापूर्वी परळच्या त्या शोधाची आठवण ठेवावी.

मुलगा की मुलगी, याबाबत तर झाकलेला आकडाही नाही. आईच्या प्रत्येक बीजात एक्स गुणसूत्र असते. बापाच्या शुक्रजंतूंपैकी निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय. ठरवणारा घटक बापाकडून येतो आणि तोही त्याच्या इच्छेने नव्हे. नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५मध्येच पिठातल्या किड्यांवर काम करून हे दाखवून दिले होते. एवढे जुने आणि एवढे सोपे ज्ञान असूनही काय घडले, याचा एक दाखला सरोजिनी नगरपासून हाकेच्या अंतरावरचा आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यावर अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, गर्भजल परीक्षेचा अभ्यास सुरू झाला. हेतू गर्भातले आनुवंशिक आजार ओळखण्याचा होता. गर्भ मुलीचा आहे असे कळलेल्या अनेकींनी गर्भपाताची मागणी केली आणि तो प्रयोग थांबवावा लागला. तंत्र मात्र बाहेर पडले आणि शहराशहरांत दुकाने थाटली गेली. महाराष्ट्राने १९८८मध्ये देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला, तो स्त्री संघटनांच्या चळवळीमुळे. केंद्राचा कायदा १९९४मध्ये आला. आजार शोधण्याचे साधन आणि मुली मारण्याचे साधन एकच होते, ही जखम भारतीय आनुवंशिकशास्त्राला सुरुवातीलाच झाली. म्हणून आजही गर्भाच्या तपासणीचे नियम इतके कडक आहेत, आणि ते तसेच असले पाहिजेत.

आता पुन्हा सरोजिनी नगरकडे वळू, कारण वारशाची पुढची गोष्ट तिथल्या वस्तीतूनच सुरू होते. सरोजिनी नगर ही १९५०च्या दशकातली सरकारी वसाहत, आधीचे नाव विनय नगर. केंद्र सरकारच्या खात्यांत नोकरीला आलेल्या बाबू लोकांसाठी ती बांधली गेली. क्वार्टरमध्ये शेजारी तमिळ, वर बंगाली, खाली गढवाली आणि जिन्यासमोर पुण्या-नागपूरचे मराठी कुटुंब, अशी ती वस्ती. बाजारातली जुनी दुकाने मात्र बरीचशी फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांची. १९५१पर्यंत दिल्लीत असे सुमारे पाच लाख निर्वासित आले होते. हातात बोचके घेऊन आलेल्या त्या माणसांनी शहराचा तोंडवळा बदलला. त्यांच्या रक्तातून आणखी एक गोष्ट आली, जी त्यांनाही ठाऊक नव्हती. ती म्हणजे बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचे जनुक.

या आजाराचे गणित समजले की आनुवंशिकतेचा निम्मा गोंधळ मिटतो, म्हणून इथे जरा थांबू. हिमोग्लोबिनची बीटा साखळी तयार करणारे जनुक अकराव्या गुणसूत्रावर असते, प्रत्येकाकडे दोन प्रती. एक प्रत बिघडलेली असली तर माणूस वाहक. त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात, आणि तो आजार नव्हे. वाहक मुलगा क्रिकेट खेळतो, वाहक बाई बाळंत होते, दोघेही ऐंशी वर्षे जगतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर थॅलेसेमिया मेजर. असे बाळ जन्मताना ठणठणीत असते, कारण गर्भातले हिमोग्लोबिन वेगळ्या जनुकाचे असते. सहा महिन्यांनंतर ते फिकट पडू लागते, खात नाही, पोट वाढते. मग दर पंधरा दिवसांनी ते महिन्याने रक्त चढवावे लागते, आयुष्यभर. चढवलेल्या रक्तातले लोह हृदयात, यकृतात साठते. ते काढण्यासाठी औषधे, तीही आयुष्यभर. भारतात दर वर्षी दहा हजारांहून अधिक बाळे हा आजार घेऊन जन्मतात असा अंदाज आहे.

देशभरात वाहकांचे प्रमाण तीन-चार टक्के धरले जाते, पण सरासरी इथे फसवते. दिल्ली आणि मुंबईतल्या अकरा हजारांवर शाळकरी मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात दिल्लीत वाहक साडेपाच टक्के निघाले, मुंबईत पावणेतीन टक्क्यांच्या आसपास. पंजाबी, सिंधी, कच्छी लोहाणा, बंगाली समाजांत प्रमाण जास्त. भारतात सापडणाऱ्या बिघाडांपैकी फक्त पाच प्रकार नव्वद टक्के रुग्णांचा हिशेब पुरा करतात. त्यांतला एक, ६१९ अक्षरे गळालेला, सिंधी आणि पंजाबी कुटुंबांतच ठळकपणे आढळतो. कराची-मुलतानहून निघालेली माणसे दिल्लीत, उल्हासनगरात, पिंपरीत पोचली, आणि त्यांच्याबरोबर तो गळालेला तुकडाही. इतिहासाच्या पुस्तकात नसलेला हा स्थलांतराचा पुरावा आज प्रयोगशाळेत वाचता येतो.

आता 'चारात एक' या शब्दांकडे येऊ, कारण सर्वाधिक गैरसमज त्यांचाच आहे. आई वाहक, बाप वाहक. प्रत्येक गरोदरपणी चार शक्यता: दोन्ही चांगल्या प्रती; आईची बिघडलेली आणि बापाची चांगली; उलट; दोन्ही बिघडलेल्या. म्हणजे २५ टक्के मेजर, ५० टक्के वाहक, २५ टक्के पूर्ण निरोगी. पुष्कळ घरांत समजूत अशी असते की पहिले मूल आजारी निघाले, म्हणजे पुढची तिघे सुरक्षित. ही समजूत घातक आहे. मागच्या वेळी काय झाले याचा पुढच्या वेळेशी काडीचा संबंध नसतो; दर वेळी पुन्हा २५ टक्के. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. दोन मुले असलेल्या १६ वाहक जोडप्यांपैकी सरासरी ९ जोडप्यांच्या घरी आजारी मूल जन्मतच नाही. त्यांना आयुष्यभर कळत नाही, आणि जनुक गुपचूप पुढच्या पिढीत जाते. 'आमच्या घराण्यात असले काही नाही' हे वाक्य म्हणून खोटे नसते, पण उपयोगाचेही नसते.

वाहक ओळखायचा कसा? एक साधा अहवाल डोळ्यांसमोर धरू, कोणत्याही दवाखान्यात रोज निघतो तसा. बाई सव्वीस वर्षांची, दोन महिन्यांची गरोदर. हिमोग्लोबिन १०.८. डॉक्टर म्हणणार, लोह कमी आहे, गोळ्या घ्या. पण खाली आणखी दोन ओळी आहेत. तांबड्या पेशींची संख्या ५८ लाख, म्हणजे भरपूर. पेशीचे सरासरी आकारमान, एमसीव्ही, ६४. असायला हवे ८०च्या वर. लोहाच्या कमतरतेत पेशी लहान होतात आणि कमीही होतात. इथे लहान आहेत, पण संख्येने जास्त. ६४ला ५.८ने भागले की ११ येतात. हा भागाकार १३च्या खाली असला, की थॅलेसेमियाच्या वाहकपणाची शंका घ्यावी, असा जुना आणि फुकटचा ठोकताळा आहे. पुढची तपासणी हिमोग्लोबिनच्या प्रकारांची; तीत एचबीए२ हा अंश ३.५ टक्क्यांच्या वर निघाला की बाई बहुधा वाहक. मग त्याच आठवड्यात नवऱ्याचे रक्त तपासायचे. तो वाहक नसेल तर विषय संपला. असेल तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन गर्भाची स्थिती कळू शकते.

अडचण तंत्राची नाही, वेळेची आहे. बाई पाचव्या महिन्यात नाव नोंदवायला येते, लोहाच्या गोळ्या घेऊन जाते, नवरा कामाच्या गडबडीत तपासणीला येत नाही, आणि सासूला वाटते की सुनेच्या रक्तात खोट काढताहेत. खरी गोष्ट अशी की एकट्या आईच्या वाहकपणाने मेजर मूल जन्मत नाही. त्याला बापाचे जनुक लागतेच. रक्त चढवण्याच्या खोलीत मुलाच्या उशाशी बहुतेक वेळा आई एकटी बसलेली असते. त्या खुर्चीवर बापाचाही तेवढाच हक्क आणि तेवढीच जबाबदारी आहे.

सायप्रस आणि सार्डिनिया या भूमध्य समुद्रातल्या बेटांनी १९७०च्या दशकापासून वाहकांची तपासणी आणि समुपदेशन रुजवले, आणि तिथे थॅलेसेमिया मेजरचे नवे जन्म जवळजवळ थांबले. आपल्याकडे २०१६मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली, त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. मुंबईच्या केईएमच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्था दशकानुदशके या आजारांचे गर्भनिदान आणि संशोधन करत आली आहे. कागद आणि माणसे दोन्ही आहेत. हवी आहे ती प्रत्येक प्रसूतिपूर्व तपासणीत सक्तीने वाचली जाणारी एमसीव्हीची ओळ.

महाराष्ट्राचा स्वतःचा वारसा दुसरा: सिकलसेल. त्याच बीटा जनुकातले एकच अक्षर बदलते, साखळीतल्या सहाव्या जागी एका घटकाऐवजी दुसरा येतो, आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वेदनांचे झटके येतात, हाडे दुखतात, प्लीहा निकामी होते. नागपूर भागात हा आजार असल्याचे शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८मध्ये 'लॅन्सेट'मध्येच नोंदवले. आज गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर आणि पश्चिमेला नंदुरबार हे त्याचे पट्टे; भिल्ल, पावरा, गोंड, माडिया आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात प्रमाण जास्त. जनुक टिकून का राहिले? कारण वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळते. जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल ही कल्पना १९४९च्या सुमारास मांडली, आणि पुढे हेच हाल्डेन भारतात येऊन भारतीय नागरिक झाले. १९५४मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत ते दाखवून दिले. जंगलातल्या डासांनी शेकडो पिढ्या जी निवड केली, तिची किंमत आज त्या जंगलातली मुले मोजताहेत.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली; सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७पर्यंत निर्मूलन हे उद्दिष्ट. तपासणीनंतर प्रत्येकाला जनुकीय स्थितीचे कार्ड मिळते. हे कार्ड जपून वापरायला हवे. मुलगी वाहक आहे एवढ्यावरून तिचे स्थळ मोडत असेल, तर कार्डाने भले होण्याऐवजी नुकसानच होईल. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर कोणाचेच मूल आजारी होत नाही. सांगायचे आहे ते एवढेच.

इथे जातीचा प्रश्न टाळता येत नाही. जातीतच लग्न करण्याच्या रिवाजाने जनुकांचे काय होते, याचा अभ्यास मुंबई-पुण्यात फार लवकर सुरू झाला. एल. डी. संघवी आणि व्ही. आर. खानोलकर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या सहा अंतर्विवाही गटांची रक्तगटासह सात लक्षणे मोजली. इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९६८मध्ये महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची तुलना केली आणि एकाच दर्जाच्या मानल्या गेलेल्या या गटांतही जैविक फरक दाखवले. अर्धशतकानंतर सीसीएमबीचे के. थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटांनी तेच चित्र लाखो जागा वाचून अधिक ठसठशीत केले. सुमारे चार हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी उपखंडातले लोक मुक्तपणे मिसळत होते. नंतर दारे बंद झाली. २०१७च्या त्यांच्या अभ्यासात २६३ गटांपैकी ८१ गट असे निघाले की त्यांचा पाया फार थोड्या पूर्वजांवर उभा आहे. आज संख्या लाखांत असली तरी मूळ मूठभर माणसांचे, आणि म्हणून त्या मूठभरांतल्या एखाद्याचा बिघाड समाजभर पसरलेला. मुंबईचे डॉ. भीमसेन सिंघल यांनी अगरवाल समाजातल्या मुलांत आढळणारा, डोके मोठे होत जाणारा मेंदूचा एक आजार १९९०च्या दशकात नोंदवला. पुढे त्या मुलांमध्ये एकच सामाईक बिघाड सापडला.

जवळच्या नात्यातली लग्ने हा याचाच तीव्र प्रकार. मामेबहीण-आतेभाऊ यांच्यात सरासरी एक अष्टमांश वारसा सामाईक असतो, त्यामुळे दोघांकडे एकच दडलेला बिघाड असण्याची शक्यता वाढते. ज्या कुटुंबात अशी लग्ने होतात तिथली बहुतेक मुले निरोगीच असतात, पण जन्मजात दोषांचा धोका सर्वसाधारण दोन-तीन टक्क्यांवरून साधारण दुपटीपर्यंत जातो.

जात मोडून लग्न केले की धोका पार संपतो, असे मात्र नाही. सरोजिनी नगरच्या क्वार्टरांत वाढलेला मराठी मुलगा आणि त्याच शाळेतली पंजाबी मुलगी यांचे लग्न झाले, आणि त्याच्याकडे विदर्भातले सिकलसेलचे जनुक, तिच्याकडे थॅलेसेमियाचे, तर दोन्ही एकत्र आल्यावर बाळाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो. आंतरजातीय लग्ने व्हावीत, मनापासून व्हावीत. पण ती माणुसकीच्या कारणाने. तपासणी मात्र दोघांनी तरीही करावी.

एवढे सगळे सांगून झाल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. एका जनुकाचे असे आजार ही आनुवंशिकतेची सोपी बाजू आहे. उंची, वर्ण, मधुमेह, रक्तदाब, बुद्धी, स्वभाव यांच्यामागे शेकडो-हजारो जनुकांचे बारीक बारीक वाटे असतात आणि त्यांवर अन्न, आजार, शाळा, घर यांचा पगडा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा आणि मुलांचा माग ठेवला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण पुण्याची बाळे स्नायूंनी बारीक असली तरी चरबी त्या मानाने टिकवून होती. रोडकी दिसणारी ही मुले पुढे मधुमेहाकडे का झुकतात, याचे उत्तर केवळ जनुकांत नव्हते. आईच्या पोटात त्यांना काय मिळाले, आईच्या शरीरात बी-१२ किती होते, यातही होते. म्हणजे आईबाप मुलांना जनुके देतात, आणि समाज त्या आईला काय खायला देतो तेही मुलांपर्यंत पोचते. लाळेच्या नमुन्यावरून मुलाचा कल आणि करिअर सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर म्हणूनच पैसे घालवू नयेत. त्यांच्यामागे तेवढे विज्ञान नाही.

उपचारांचे क्षितिज खरोखर बदलते आहे. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलसाठी जनुक-संपादनावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला परवानगी दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीतल्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेत देशी आणि परवडणाऱ्या पर्यायावर काम चालू आहे. सख्ख्या भावंडाची अस्थिमज्जा जुळली तर प्रत्यारोपणाने थॅलेसेमिया आजही बरा होऊ शकतो. जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. ही आशा खरी आहे, पण ती बहुसंख्य घरांपर्यंत पोचायला वेळ लागेल.

तोवर हातात आहे ती एक साधी रक्ततपासणी. लग्न ठरले असेल किंवा दिवस गेल्याचे नुकतेच कळले असेल, तर दोघांनीही रक्ताची पूर्ण तपासणी आणि एचबीए२ची तपासणी करून घ्यावी, आणि विदर्भ-खानदेशातल्या किंवा आदिवासी पट्ट्यातल्या कुटुंबांनी सिकलसेलचीही. लोह फार कमी असेल तर एचबीए२चा आकडा फसवू शकतो, म्हणून अहवाल जाणकार डॉक्टरांना दाखवावा. वाहक निघालात तर तो अहवाल सख्ख्या भावंडांना आणि चुलत-मामे भावंडांनाही कळवावा, कारण ते जनुक त्यांच्याकडेही असू शकते. दिवस गेले असतील तर दोघांचे अहवाल दहाव्या आठवड्यापूर्वी हातात हवेत.